पडायची गादी

हेमा, तू पडली नाहीस, हे मी सगळ्यांना सांगत सुटले आहे.

भेटेल तो एकच विचारतो, "कुठून पडली हो तुमची मैत्रीण?" आमच्या गेटवरचा वॉचमन विचारतो, कोपऱ्यावरची भाजीवाली विचारते, तुझ्या शाळेतल्या शिपायानेही आवाज खाली आणून विचारलं. दगडांवर चढणारी बाई गेली म्हणजे दगडावरूनच गेली, असं साऱ्यांनी धरून टाकलंय. मी सांगते, ताप होता. आला, उतरला, परत आला आणि घेऊन गेला. ते ऐकून माणसं जरा खट्टू होतात. मीही खट्टूच आहे. इतकी वर्षं आपण भांडलो, दोर बरा की दगड बरा, आणि मध्ये तोंड घालायला आलं कोण, तर ताप! त्याचा आपल्या भांडणाशी काय संबंध होता?

मी सेफ्टी ऑफिसर, माझा धंदाच माणसांना पडू न देण्याचा. तारापूरच्या कारखान्यात पाइपांच्या जंजाळाखाली मान वर करून फिरायचं आणि वरच्याला ओरडायचं, "हुक लगाया?" वरून उत्तर येतं, "लगाया मॅडम," आणि त्यानंतर हुक लागल्याचा खटका ऐकू येतो. या गोष्टीवर तू किती हसायचीस. मला नावही तेच ठेवलंस. खाडीकाठच्या मुरब्याला, तुझ्या घरी, मला शुभांगी म्हणून कोणी ओळखत नाही. "ती सेफ्टी आली बग," असंच तुझ्या सासूबाई म्हणतात, तेही माझ्या तोंडावर.

आपली गाठ पडली तीही एका खऱ्याखुऱ्या गाठीवरून. बायकांसाठीच्या त्या थंडीतल्या, कातळ चढायच्या शिबिरात मी दोर शिकवायला होते. आम्ही मूळचे सांगलीकडचे, नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आलेलो. इथे ओळखदेख नसताना दोरांनीच मला चार माणसं दिली होती, त्यामुळे दोराबद्दल कोणी वावगं बोललेलं मला खपत नसे. तू पालघरच्या शाळेतली पीटीची बाई, नवी कोरी ट्रॅकपॅंट घालून आलेली. कमरेला गाठ मारलीस. मी ती सोडायला लावून पुन्हा मारायला लावली, आणि पुन्हा तपासली.

"ओ मॅडम," तू म्हणालीस, "या गाठीवर आमच्या होड्या रातदिस उभ्या असतात. होडी नाय सुटली, मी काय सुटनार?"

मग सरसर वर गेलीस. खाली आलीस. बाकीच्या बायका खाली आल्या की रडत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या, आणि तू कमरेची गाठ सोडता सोडता म्हणालीस, "मजा नाय आली."

मला राग आला होता हेमा. आज सांगते, चांगलाच आला होता.

"सगला टायम मी तुमच्या हातात लोंबकळत होते," तू म्हणालीस. "चडले कोन, मी का तुमी?"

पुढच्याच रविवारी तू मला स्कूटरवर मागे बसवून मनोरच्या रस्त्याला घेऊन गेलीस. खिंडीच्या अलीकडे सागाच्या रानात ते दगड होते. त्यांना दगड म्हणायलाही जीव होत नाही. गुरं दुपारची बसावीत तसे ते झाडांत बसलेले होते, अंगावर ऊनसावली घेऊन, कोणाची वाट न बघता. सगळ्यांत मोठ्या दगडाला तू म्हैस म्हणायचीस. तिच्या पाठीवर तू हात ठेवलास आणि मला म्हणालीस, "हात लाव. गरम हाय ना?" थंडीच्या सकाळी तो दगड खरंच कोमट होता. मी हात काढायला विसरले.

कोणी विचारतं तेव्हा मला बोल्डरिंग धड समजावून सांगता येत नाही. दोर नाही, हुक नाही, वरून धरणारं कोणी नाही. हात, पाय, घट्ट बूट, बोटांना खडूची पूड आणि खाली एक गादी. उंची किती, तर कौलारू घराच्या वळचणीएवढी. एवढ्याशा उंचीसाठी तू सबंध सकाळ घालवायचीस. एकाच दगडाला एकाच जागी बोटं लावायचीस, पडायचीस, गादीवर बसून त्या जागेकडे बघत राहायचीस आणि पुन्हा उठायचीस. मी म्हणायचे, दोर लावून कातळ चढलं की वरून निदान मुलूख दिसतो, खाडी दिसते, ढग खाली दिसतात. तुझ्या म्हशीवर चढून काय दिसतं? सागाची पानं!

"पानं काय वायट हायत?" तू म्हणायचीस.

ती गादी तुझ्या नवऱ्याने, जयवंतभाऊंनी शिवली होती. बोईसरच्या भंगारातून आणलेला जाड फोम, होडीवरची जुनी निळी ताडपत्री, आणि जाळी शिवायच्या सुईने घातलेले नायलॉनचे टाके. उचलायला कड्या हव्यात म्हणून त्यांनी होडीच्याच दोराचे तुकडे लावून दिले. तुझ्या बिनदोराच्या खेळात तेवढा दोर शिरला, म्हणून मी किती दिवस तुला चिडवत होते. गादीला डिझेलचा आणि सुक्या बोंबलाचा वास होता तो कायमचा. दुमडून ती डोक्यावर घेऊन आपण रानात शिरलो की वाटेतल्या भातखाचरात काम करणारी बाई हसून हाक मारायची, "आज परत निजाया चालल्या काय?" आपण दोघी घर सोडून रानात झोपायला येतो, अशी तिची पक्की समजूत होती. ती दूर करायची सोडून तू उलट म्हणायचीस, "हो गो, घरात निजू देत नाय कोनी!"

आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चढून चढून बोटं सोलवटली की तू गादी म्हशीच्या सावलीत ओढायचीस आणि आडवी व्हायचीस. वर पानांतून उजेड हलत असायचा, दूर कुठेतरी भारद्वाज घुमायचा, आणि बोलता बोलता तुझा शब्द अर्ध्यावर राहून तू घोरायला लागायचीस. भर रानात, शाळेतली पीटीची बाई! मी दगडाला टेकून बसायचे. त्या सावलीत वेळ जायचा तो कुठून कुठे जायचा कळायचं नाही. कधी वाटायचं, आपण दोघी लहान आहोत आणि आपल्याला कोणीतरी इथे बसवून बाजारात गेलंय. उठलीस की तू अर्धा राहिलेला शब्द पुरा करायचीस, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

आपली भांडणं मात्र जागेपणीची होती. मी म्हणायचे, दोरावरून माणूस पडला तर हवेतच थांबतो. तुझ्या दगडावरून पडलेला प्रत्येक माणूस जमिनीपर्यंत येतो, दर वेळी. गादीची कड चुकली, खाली एखादा धोंडा राहिला, पाय तिरका पडला की घोटा गेला, मनगट गेलं, पाठ गेली. कमी उंचीचं भय वाटत नाही, हेच तर तिचं वाईट. कारखान्यात मी हेच बघते. चिमणीवर चढणारा शंभरदा हुक चाचपतो, आणि दिवा बदलायला स्टुलावर चढलेला पाय मोडून घेतो. तू सगळं ऐकून घ्यायचीस, कारण ते खरं होतं. मग गादी सरकवायचीस, खालचे धोंडे वेचायचीस, पुन्हा एकदा बघायचीस. तुझ्याइतकी जागा साफ करणारी बाई मी कारखान्यातही पाहिली नाही. तेवढं झालं की म्हणायचीस, "दोरी असली का मानूस हात ढिला सोडतो, सेफ्टी. इथं पडनार हाय हे मला पयल्यापासून ठावं असतं. म्हनून मी नीट पडते."

नीट पडणं! एडवणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी तू मला तेच शिकवायला नेलंस. ओली वाळू, मागे सुरूची झाडं, लांब गेलेला समुद्र, आणि त्या सगळ्या शांततेत दोन बायका उंचवट्यावरून धपाधप उड्या मारतायत. गुडघे सैल, मग बूड, मग पाठ, हात छातीशी. हात मागे टेकायचा नाही. मी दर वेळी टेकायचे. तू दर वेळी ओरडायचीस. शेवटी दमून आपण तशाच वाळूवर पडून राहिलो आणि भरतीचं पहिलं पाणी कानाशी आलं तेव्हा उठलो. सुखी दिवस म्हटला की मला तोच आठवतो.

वाळूवर मी पडले, पण दगडावरून कधी पडले नाही. तुला ते खुपायचं. म्हशीच्या कपाळापाशी पोचलं की पुढे धरायला काही नाही. दोन्ही पाय सोडून वरच्या काठाकडे झेप घ्यायची, हाताला लागला तर लागला, नाहीतर खाली. तू घ्यायचीस. कधी लागायचा, बहुतेकदा नाही. मी तिथपर्यंत जायचे, काठाकडे बघायचे आणि एकेक पाय शोधत खाली यायचे. "तू चडतेस कमी नि उतरतेस जास्ती," तू म्हणायचीस. तू खाली हात वर करून उभी असायचीस, बोटं मिटलेली, अंगठा आत. पडणाऱ्याला झेलायचं नसतं, नुसतं वळवायचं, डोकं नको, पाठ गादीवर येऊ दे. हे तूच सांगितलंस. ते हात मी वरून किती वेळा पाहिले. आणि दर वेळी उतरून आले.

त्या शेवटच्या रविवारी मी अशीच उतरले तेव्हा तू हसली नाहीस. हात खाली घेतलेस आणि म्हणालीस, "तुजा माज्या हातांवर भरवसा नाय."

मी म्हणाले, "हातांचं काय घेऊन बसलीस. दोर असता तर मी कधीच मारली असती उडी."

झालं. येताना स्कूटरवर आपल्या दोघींच्या मध्ये ती गादी होती. कोळगावच्या वळणावर तू एवढंच विचारलंस, "पुढल्या रविवारी येनार ना?" मी म्हणाले, "बघू." त्याच आठवड्यात तुला ताप भरला.

हेमा, भरवसा होता गं. तुला कळायला हवं होतं असं मला वाटतं आणि मग वाटतं, कसं कळावं? मी सांगितलं कधी? मला माझाच भरवसा नव्हता. कोणाच्या हातात आपलं सगळं वजन सोडून द्यायचं, तेही हवेत असताना, हे मला कोणी शिकवलंच नाही. घरात मी थोरली, कारखान्यात मी मॅडम. मी धरणारी. तुझ्या हातांना काही कमी नव्हतं. हे मी पुढल्या रविवारी सांगणार होते.

तू गेल्यावर मला एक स्वप्न पडलं. एडवणला समुद्र इतका आत गेलाय की दिसतच नाही, आणि ओल्या वाळूवर आपले खिंडीतले सगळे दगड येऊन बसलेत. तू डोक्यावर गादी घेऊन त्यांच्यातून चालली आहेस. मी हाक मारते, थांब, मी येते. तू मागे न बघता म्हणतेस, "ये तर मग, भरती व्हायच्या आत." मी धावते, पण मला वाटेत प्रत्येक दगडाखालचे धोंडे वेचावे लागतात. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. गादी.

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. तुमच्याकडे दिवसकार्य झालं की ते खाडीवर नेतात. तुझ्या त्या निळ्या गादीला तुझ्या घरात सगळे 'हेमाची गादी' म्हणत. कोण कशाला निवडत बसेल, ही कुठली आणि ती कुठली? मी अंथरुणातून उठले ती तशीच स्कूटर काढली. वाटेत मला वाटत होतं, सुतकातून नुकत्याच उठलेल्या घरी जाऊन गादी मागायची कशी? आणि ती गेली असेल तर? मग मला तुझ्यापाशी परत जायला वाटच राहणार नव्हती. दोर माझ्याकडे पुष्कळ होते. ते माझ्या कामाचे नव्हते.

तुझ्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर सुपात सुकट होती, पण हात नुसताच तिच्यात ठेवलेला. मी शेजारी बसले. मग मी चाचरत विचारलं.

"गेली गो," त्या म्हणाल्या. "हातरून, पांगरून, गादी, सगला गेला खाडीला. मेलेल्याचा हातरून घरात ठेवीत नाय."

मी मान हलवली. त्यांनी रीतीप्रमाणे केलं होतं. मी पदराआड रडणाऱ्यांतली नाही, पण तिथे ओट्यावर बसून रडले, गादीसाठी रडले. तोवर तुझ्यासाठी मला रडूच आलं नव्हतं. सासूबाई मला थोपटत राहिल्या. त्यांच्या हाताला मासळीचा वास होता, तुझ्या गादीसारखा.

जयवंतभाऊ आतून आले. दाढी वाढलेली. धक्क्याकडे गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर ती होती, निळी, दुमडलेली, दोराच्या कड्या लोंबत असलेली. होडीत, ताडपत्रीखाली ठेवून दिली होती त्यांनी.

"जयवंता!" सासूबाई म्हणाल्या. "ती घरात आनू नको."

"आये, ती निजायची गादी नाय," ते म्हणाले. "ती पडायची हाय. हेमा तिच्यावर कदी निजली नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. तू त्या गादीवर किती दुपारी घोरत पडलीस ते जगात फक्त मला माहीत होतं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही, कधीच नाही."

सासूबाईंनी सुपातली सुकट जरा चाळवली. मग म्हणाल्या, "मंग घेऊन जा."

मी गादी स्कूटरला बांधत होते तेव्हा भाऊ म्हणाले, "ताई, मी येऊ? ती जायची कुठं ते मला बगायचाय." एवढ्या वर्षांत ते कधी आले नव्हते. रविवारी त्यांची होडी तरी असायची किंवा झोप तरी.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. रानात धुकं होतं, झाडं अर्धी होती आणि अर्धी नव्हती. खाचराच्या बांधावर ती बाई लाकडांची मोळी घेऊन उभी होती. गादी एका पुरुषाच्या डोक्यावर बघून ती हसता हसता थांबली. "ती बाय कुठं हाय?"

"गेली," भाऊ म्हणाले.

"पडली?"

"नाय. ताप आला होता."

तिने मोळी खाली ठेवली. "मंग दगडाचा काय दोस नाय," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली आणि आम्हाला वाट दिली.

म्हैस तिथेच होती. भाऊंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. कपाळाखाली तुझ्या खडूचे पांढरे ठसे अजून होते, पाच बोटं स्वच्छ दिसत होती. त्यांनी त्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली. मी खालचे धोंडे वेचले, गादी अंथरली, सरकवली, पुन्हा सरकवली. बूट घातले. भाऊ मासळीची टोपली झेलायला उभे राहतात तसे हात पसरून उभे राहिले. मी म्हणाले, "झेलायचं नाही भाऊ, नुसतं वळवायचं. बोटं मिटून, अंगठा आत." आणि माझा आवाज मला तुझ्यासारखा ऐकू आला.

दगड कोमट होता. कपाळापर्यंत मी नेहमीसारखीच गेले. वर काठ होता, त्याच्या वर धुकं, आणि पानं, जी वाईट नसतात. खाली बघितलं तर दोन हात वर केलेले होते, काळे, मीठ बसलेले, आणि मागे धुक्यात आणखी कोणी उभं असतं तरी मला दिसलं नसतं. माझा पाय सवयीने खालची खाच शोधायला लागला. मी त्याला थांबवलं. दोन्ही पाय सोडले.

काठ बोटांना लागला. थंड होता, जरा ओला. निसटला.

मग ते खाली येणं, किती लांब होतं ते! गुडघे सैल, पाठीला दोन तळवे लागले, त्यांनी मला धरलं नाही, फक्त जरासं वळवलं, आणि हात छातीशी ठेवून मी गादीत गेले, डिझेलच्या, बोंबलाच्या आणि तुझ्या खोबरेल तेलाच्या वासात.

"लागला काय, ताई?" भाऊ वाकून विचारत होते.

मी नाही म्हटलं. उठले नाही. वर पानांतून उजेड हलत होता.

पडले गं हेमा. नीट पडले.